पान गळलं म्हणजे झाड गेलं नव्हे

पत्र

नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात समुद्रालगत राहतो. घर कौलारू, पुढे पडवी, मागे नारळी-पोफळीचं आगर. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला असते. माझ्या साठाव्या वाढदिवसाला तिनं तिकडच्या एका रोपवाटिकेतून पाच झाडं कुरियरनं पाठवली : फिडल लीफ फिग, मॉन्स्टेरा, कॅलाथिया, झेडझेड आणि स्नेक प्लांट. मे महिन्याचा शेवट होता. खोकं आठ दिवसांनी हातात आलं. घरात पाहुणे होते, म्हणून आणखी दोन दिवस ते तसंच माजघरात ठेवलं. तिथे थंड असतं, आंब्याची अढीही तिथेच आहे. उघडलं तर निम्मी पानं पिवळी. घाबरून त्याच दिवशी सगळी झाडं सिमेंटच्या मोठ्या कुंड्यांत लावली, अंगणातली तांबडी माती आणि भरपूर शेणखत घातलं. मृग लागल्यावर पावसाचं पाणी मिळावं म्हणून कुंड्या पागोळीखाली ठेवल्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या ऊन दाखव, म्हणून उघडीप मिळाली की उन्हात नेते. मोबाइलवर बघून कॅलाथियाला प्लॅस्टिकची पिशवीही घातली. आता फिडलला शेंड्याची चार पानं उरलीत, झेडझेडची एक काडी बुडाशी मऊ होऊन आडवी झाली. मुलगी रोज फोटो मागते. माझ्या हाताला गुणच नाही असं वाटायला लागलंय. झाडं वाचतील का, की टाकून देऊ? रोपवाटिकेनं फसवलं का? आणि लेकीला काय सांगू?

उत्तर

ताई, टाकू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून बहुतेक झाडं जगतील असं मला वाटतं, आणि झेडझेडचंही काही ना काही हाती लागेल. पण पुढचं वाचण्याआधी एक काम उरकून घ्या. पाचही कुंड्या पागोळीखालून उचलून पडवीत घ्या. भिजलेली सिमेंटची कुंडी एकटीनं उचलायला जाऊ नका, कुणाला तरी हाक मारा. कॅलाथियाची पिशवी काढा. प्रत्येक कुंडीच्या बुडाचं भोक काडीनं मोकळं करा आणि खाली चिऱ्याचे दोन तुकडे सरकवा, म्हणजे आत साचलेलं पाणी निथळून जाईल. उन्हात नेणं-आणणं आजपासून बंद. पाणी नाही, खत नाही, फवारणी नाही. एवढं झालं की निवांत बसा.

पानं का गळली ते आधी सांगते, कारण ते कळलं की हाताच्या गुणाबद्दलची शंका आपोआप जाईल. झाड खोक्यात बंद झालं की त्याला पहिला फटका अंधाराचा बसतो. उजेड नाही म्हणजे अन्न तयार होणं थांबलं, पण श्वास चालूच असतो. मग साठवलेली साखर खर्च होते, आणि ती संपत आली की झाड जुन्या, खालच्या पानांतला जीव काढून शेंड्याकडे नेतं आणि ती पानं सोडून देतं. पूर्वी जहाजांवरून झाडं नेताना बहुतेक वाटेतच मरायची. खारं वारं आणि गोड्या पाण्याची टंचाई ही त्याची मोठी कारणं. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८३३ साली काचेच्या बंद पेट्यांत झाडं भरून सिडनीला पाठवली आणि ती जिवंत पोहोचली. पेटी बंद असल्यामुळे ओल आत राहिली, खारं वारं बाहेर राहिलं, आणि काच असल्यामुळे उजेड मिळत राहिला. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची हजारो रोपं अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. आजचं कुरियरचं खोकं पुठ्ठ्याचं असतं. ते कितीही नीट भरलं तरी आत काळोखच. वर मे महिन्याच्या उन्हात तापलेली गाडी. आठ दिवस या काळोखात आणि उष्म्यात काढून जे झाड हिरवा शेंडा घेऊन बाहेर आलं ते मुळात दणकट आहे.

दुसरं कारण तुमच्या माजघरात होतं. झाडाला धक्के बसले, फांदी मुडपली, पान फाटलं की त्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. मोकळ्यावर तो उडून जातो, बंद खोक्यात साचतो आणि पानाचा देठ खोडापासून सुटायला लावतो. रशियात दिमित्री नेल्युबोव यांनी १९०१ साली दाखवून दिलं होतं की दिव्याच्या गॅसमधल्या याच वायूनं वाटाण्याची रोपं वेडीवाकडी वाढतात. आणि हाच वायू तुमच्या अढीतला आंबा पिकवतो. आंबे पेंढ्यात दाबून ठेवतात ते ऊब आणि हा वायू कोंडून राहावा म्हणूनच. तेव्हा आधीच थकलेली झाडं आणखी दोन दिवस पिकत्या आंब्यांच्या खोलीत राहिली. फिडलसारख्या वडाच्या कुळातल्या झाडांना हा वायू विशेष बाधतो. पुढच्या वर्षी लक्षात ठेवा : अढी, केळीचे घड, पिकायला ठेवलेले फणस-पपया असतील त्या बंद खोलीत कुंडी नको.

म्हणजे खोकं उघडताना जी पानं पिवळी दिसली, त्यांचा निकाल तुम्ही हात लावण्याच्या कितीतरी आधी लागला होता. ती पुन्हा हिरवी होणार नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नका. प्रवासातून आलेलं झाड जगलं की गेलं हे पानावरून ठरत नाही. ते बुडावरून, मुळावरून आणि शेंड्यावरून ठरतं. तुम्ही रोज पानं मोजताय, त्यामुळे रोज धीर सुटतोय.

आता खोकं उघडल्यानंतरचं. तुम्ही जे केलं ते मायेनं केलं, पण झाडाला त्या दिवशी त्यातलं काहीच नको होतं. रोपवाटिकेतली झाडं बहुधा नारळाच्या भुशात वाढवलेली असतात. मुळांचा गोळा लहान, हलका आणि हवेशीर असतो. प्रवासात त्या मुळांवरचे पाणी शोषणारे बारीक केस तुटतात, वाळतात. ते पुन्हा फुटेपर्यंत झाड फार थोडं पाणी पिऊ शकतं. अशा वेळी तो इवलासा गोळा मोठ्या कुंडीत, चिकट मातीत गेला आणि वरून पागोळी लागली, तर सगळं पाणी मुळांभोवती तुंबून राहतं. तुमची तांबडी माती सड्यावर, उतारावर उत्तम निचरा देते. कुंडीत मात्र तिचा बारीक गाळ खाली बसून घट्ट होतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. शेतात आपण वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर राहिल्याशिवाय, पाय घालत नाही, कुंडीलाही तोच नियम लावा. आणि ओल, काळोख, कोंडलेली हवा एकत्र आली की कुजवणारी बुरशी आलीच. पोफळीवर पावसाळ्यात कोळेरोग आणणारी फायटोप्थोरा तुमच्या आगराला ठाऊक आहे. तिच्या जातकुळीच्या बुरशी कुंडीतही हेच करतात. म्हणून आगरासाठी केलेलं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, या झाडांवर मारायचा मोह मात्र आवरा. थकलेली कोवळी पानं त्यानं करपू शकतात, आणि मुळाशी पाणी तुंबलेलं असताना पानांवर काही मारून उपयोग नाही.

खरं म्हणजे ही विद्या तुमच्या घरात आहेच. आंब्या-काजूची कलमं टेम्पोतून उतरवल्यावर कुणी लगेच खड्ड्यात लावत नाही. आधी ती झाडाखाली सावलीत, पिशवीसकट, उभी करून ठेवतात. आठ-दहा दिवस बेताचं पाणी, पाल्याला वारा, मुळाला धक्का नाही. कलम सावरलं की मग लावणी. दुकानातली झाडं परदेशी नावांची असली म्हणून त्यांना वेगळे लाड लागत नाहीत. पुढच्या वेळी खोकं आलं की त्याच दिवशी उघडा, चिकटपट्ट्या आणि ओला कागद काढा, मोडकं पान तेवढं कापा आणि झाड आल्या कुंडीतच सावलीत ठेवून द्या. दोन-तीन आठवडे कुंडी बदलायची नाही. बूड मऊ असेल किंवा कुजका वास येत असेल, तरच लगेच बाहेर काढायचं.

तुमच्याकडे आता ती वेळ आलेली आहे, निदान दोन झाडांपुरती. सुरुवात झेडझेडपासून करा, उद्या सकाळीच. हे झाड पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या भागातलं. जमिनीखाली बटाट्यासारखे कंद असतात, त्यात आणि जाड देठांत पाणी साठवून ते महिनाभर पाण्यावाचून राहू शकतं. सुरणाचा कंद ओलीत ठेवला तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, आणि झेडझेड अळू-सुरणाच्याच कुळातलं आहे. कुंडी आडवी करून झाड अलगद बाहेर घ्या, माती झटका, हवं तर मुळं पाण्यानं धुवा. प्रत्येक कंद बोटांनी दाबा. टणक तो ठेवायचा. जो दाबल्यावर पिचतो, ज्यातून पिवळट पाणी आणि वास येतो, तो स्पिरिटनं पुसलेल्या सुरीनं टणक भागापर्यंत कापून टाकायचा. कापताना आत पांढरट, कोरडा गाभा दिसला की थांबा. तपकिरी रेघ जरी दिसली तरी आणखी थोडं कापा. मग झाड दोन दिवस पडवीत वर्तमानपत्रावर आडवं ठेवा. मुळं उघडी राहिली तर मरेल अशी धास्ती नको, या झाडाला ती कोरड हवीच आहे. जखम सुकली की लहान कुंडीत लावा आणि त्यानंतर आठवडाभर पाणी घालू नका. आडवी झालेली काडीही फेकू नका. तिच्यावरची टणक हिरवी पानं देठाशी तोडून चिऱ्याच्या ओलसर चुऱ्यात खोचून ठेवा. काही महिन्यांत प्रत्येकाच्या बुडाशी हरभऱ्याएवढा कंद धरतो. वेळ फार लागतो, पण जमतं. हे काम झाल्यावर हात साबणानं धुवा. या झाडाच्या आणि मॉन्स्टेराच्या चिकाला अळूसारखीच खाज असते. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर तुकडे खाली राहू देऊ नका.

स्नेक प्लांटचंही तसंच. पानाचं बूड दाबून बघा. टणक असेल तर माती बदलून लहान कुंडीत लावा आणि पावसाळा संपेपर्यंत जवळजवळ विसरून जा. महिन्यातून एकदा चार घोट पाणी पुरे. एखादं पान बुडाशी सडलं असेल तर वरचा चांगला भाग वीतभर कापून, जखम सुकवून, खालची बाजू खालीच ठेवून मातीत रोवा. पानाला पिवळी किनार असेल तर एवढं माहीत असू द्या की अशा तुकड्यातून येणारं नवं रोप बहुधा बिनकिनारीचं, साधं हिरवं निघतं. किनार टिकवायची तर कंदाचा फुटवाच लागतो.

मॉन्स्टेराची मला फारशी काळजी नाही. पोफळीवर चढणारी मिरवेल तुम्ही रोज बघता, हाही तसाच वेल, मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या रानातला. प्रत्येक पेराशी मूळ फुटायची ताकद असते. दोन-तीन दिवस पडवीत निथळू दिल्यावर माती वाफशावर आली आणि खोड टणक असेल तर आहे तिथेच राहू द्या. बूड काळं पडलं असेल, तर काळ्या भागाच्या वर, हवेतलं मूळ असलेलं एक पेर धरून कापा आणि बाटलीत पाण्यात ठेवा. दोन-चार आठवड्यांत पांढरी मुळं सुटतील. त्या बाटलीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. मुळांसाठी तर हवंच, शिवाय पावसाळ्यात आठवडाभर साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. कुंडीखालच्या बश्याही याच कारणासाठी रिकाम्या ठेवा.

आता फिडल, ज्यानं तुम्हाला सगळ्यात जास्त रडवलंय. हे पश्चिम आफ्रिकेतलं झाड, आपल्या वड-पिंपळ-उंबराचं भावंड. या कुळाला जागा बदललेली सोसत नाही. उजेडाची दिशा बदलली तरी पानं टाकतात. तुमच्या फिडलनं आधी बंगळुरूचं शेडनेट, मग खोकं, मग माजघर, मग पागोळी, मग रोजचं ऊन-सावली एवढं सगळं महिन्याभरात बघितलं. जिवंत आहे का ते असं तपासा : खोडाच्या मधल्या भागावर नखानं साल जरासं खरवडा. खाली ओला हिरवा थर दिसला आणि पांढरा चीक जमला की झाड जिवंत आहे. वरून खाली अशा दोन-तीन जागा बघा. एखाद्या ठिकाणापासून वर तपकिरी, कोरडं लागलं तर तिथपर्यंत छाटा. त्याच्याखालून फुटवा येईल. चार पानं शेंड्याला शिल्लक आहेत ही चांगली गोष्ट आहे. मधला टोकदार कोंब बोटांनी हळूच चाचपा. तो कडक आणि ओलसर असेल तर पावसाळ्यातच नवं पान उलगडेल. चार ते आठ आठवडे लागले तरी घाबरू नका. माती चार दिवसांनीही चिखलच राहिली, तर मात्र मुळांचा मूळचा गोळा न फोडता झाड उचलून लहान कुंडीत घ्या. इतक्या थोड्या दिवसांत मुळं बाहेर पसरलेली नसतात, गोळा अलगद सुटतो. त्यानंतर जागा एकदा ठरवा आणि दिवाळीपर्यंत हलवू नका. झाडताना-पुसतानाही नाही.

कॅलाथिया दिसायला नाजूक, पण पाचांत कोकणच्या पावसाळ्यात सगळ्यात सुखी होईल ती हीच. दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांत मोठ्या झाडांखाली, ओलसर हवेत ती वाढते, आणि तशी हवा तुमच्याकडे आता फुकट आहे. कापरासारखी चुरगळणारी पानं बुडापासून कापा, अर्धी हिरवी असतील ती राहू द्या, ती अजून कमावती आहेत. संध्याकाळी दिवेलागणीला तिच्याकडे नीट बघा. पानं वर उचलली जात असतील आणि सकाळी पुन्हा पसरत असतील, तर झाड कामाला लागलंय. नवं पान केळीसारखी सुरळी होऊन मधून निघतं. सुरळी हातानं उलगडू नका. पिशवी घालण्याचा सल्ला जिथे घरातली हवा कोरडी असते तिथला आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तिथे पिशवीत झाड कोंडून फक्त बुरशी पोसली जाते.

लहान कुंडी म्हणजे मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटं मोठी, एवढीच. मातीची, न रंगवलेली असेल तर उत्तम, तिच्या अंगातून ओल बाहेर जाते. मिश्रणाला विकतचं काही लागत नाही. चिऱ्याच्या बारीक कपच्या, नारळाच्या सोडणाचे चिरलेले तुकडे आणि चाळलेली माती सारख्या मापानं घ्या, कॅलाथियासाठी त्यात ओंजळभर जुना कुजलेला पालापाचोळा. झेडझेड आणि स्नेक प्लांटला कपच्या दुप्पट. सोडण ताजं वापरू नका. त्यातला रंग आणि खार मुळांना झोंबतो. पाण्यात भिजत घालून, पाणी तीन-चार वेळा बदलून मग वापरा. शेणखत आत्ता अजिबात नको. नवी मुळं फुटत असताना खताचा खार त्यांची टोकं जाळतो. शेंड्याला दोन नवी पानं येईपर्यंत खताचं नाव काढू नका.

पाण्याचं एक आणखी. समुद्रालगतच्या विहिरी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतात, आणि कॅलाथियाच्या पानांच्या कडा करपण्यामागे बरेचदा हाच खार असतो. पहिल्या चार सरींत कौलांवरची घाण वाहून गेली की पागोळीचं पाणी बादलीत धरा आणि तेच घाला. तेव्हा पागोळी चांगलीच, फक्त ती कुंडीवर पडायला नको. घालायचं कधी, तर कुंडी उचलून. पाणी घातल्यावरचं वजन हाताला लक्षात ठेवा आणि निम्म्यानं हलकी वाटल्याशिवाय पुन्हा घालू नका. पान लोंबलं म्हणून पाणी घालणं ही पावसाळ्यातली सगळ्यात घातक सवय, कारण मुळं कुजली तरी पान तसंच लोंबतं. कुंडी हलकी आणि पान कुरकुरीत असेल तर तहान आहे. कुंडी जड आणि पान मऊ पिवळं असेल तर पाणी जास्त झालंय.

पडवी पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून असेल तर झाडं मागल्या दारी, पूर्वेच्या बाजूला न्या. पावसाळी वाऱ्याबरोबर खारे तुषार घरापर्यंत येतात आणि पानांवर डाग पाडतात. तसे बसले तर पावसाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्यानं पुसा. झडीसाठी पडवीला झापं किंवा ताडपत्री बांधली असेल तर आत फार अंधारून येतं. भर दुपारी दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल तिथे कुंडी ठेवा. वहिनींचा उन्हाचा सल्ला अगदीच चूक नाही, पण तो सावरलेल्या झाडाला. पावसातली उघडीप फसवी असते, ढग सरकले की ऊन एकदम कडक पडतं आणि काळोखातून आलेलं पान तासाभरात भाजतं. श्रावणात कोवळं सकाळचं ऊन थोडं थोडं वाढवत गेलात तर चालेल.

एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे, कारण तुमच्या घरामागे आगर आहे. बाहेरगावची झाडं महिनाभर आगरापासून लांब ठेवा. पाच झाडं गेली तर दुःख होईल, पण त्यांच्याबरोबर आलेली कीड माडांवर गेली तर नुकसान वर्षानुवर्षांचं. चक्राकार पांढरी माशी, जिला रुगोज म्हणतात, ती २०१६ साली दक्षिणेत नारळावर पहिल्यांदा सापडली आणि आता कोकणातल्या माडांवरही आहे. अशा किडी रोपांबरोबरच प्रवास करतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक पान उलटं करून उजेडात धरा. पांढऱ्या मेणकट गोल रेघोट्या, देठाच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण, शिरेलगत चिकटलेले तपकिरी खवले, किंवा खालच्या पानांवर चिकट ओल आणि काळी बुरशी, यातलं काही दिसलं तर ते पान काढून जाळा, बाकीचं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. चार दिवसांनी पुन्हा बघा. काय आहे ते ओळखू येत नसेल तर पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दापोलीच्या कृषी विद्यापीठात दाखवा. धोपाव्याहून फेरीबोटीनं दाभोळला उतरलं की पुढे फार लांब नाही. या कामासाठी ती माणसं १९७२ पासून तिथे बसलेली आहेत, संकोच करू नका.

रोपवाटिकेनं फसवलं असं मला वाटत नाही. शेंडे जिवंत आले, म्हणजे झाडं निरोगी निघाली होती. मेच्या अखेरीस, घाट उतरून, इतक्या लांब पाठवायला मात्र नको होती, आणि तेवढं त्यांनी तुमच्या लेकीला सांगायला हवं होतं. पुन्हा मागवायची वेळ आली तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, आणि आठवड्याच्या सुरुवातीला निघतील अशी, म्हणजे रविवार गोदामात जात नाही. खोकं उघडतानाचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. तक्रार करायची झाली तर तेच कामी येतात, दोन आठवड्यांनी कुणी ऐकून घेत नाही.

लेकीला खरं ते सांगा : पानं प्रवासात गेली, बुडं आणि शेंडे शाबूत आहेत, झेडझेडचं कापाकापीचं काम चालू आहे. रोजचा फोटो बंद करा. दर रविवारी एकच पाठवा, तोही फिडलच्या कोंबाचा आणि कॅलाथियाच्या सुरळीचा, त्यात तिला काहीतरी बदल दिसेल. गणपतीला ती येईल तेव्हा तिला मातीच्या पाच-सहा लहान कुंड्या आणि एक धारदार कात्री आणायला सांगा. नवी झाडं एवढ्यात नकोत.